चौथ्या वहीचं शेवटचं पान

"गोष्टीतला म्हातारा दुष्ट करू नकोस," कुलू म्हणाली. "हाजिया लगेच म्हणेल, आमचे अल्हाजी काही तसे नाहीत. मग संपलीच तुझी गोष्ट!"

तबावानं पेन खाली ठेवलं. शेजारीण खरं बोलत होती. चौथ्या वहीची सहा पानं तिनं टराटरा फाडली.

नायजेरियातल्या कानो शहराच्या त्या गल्लीत तेव्हा बायका वह्यांतून गोष्टी लिहीत आणि वही घरोघर फिरे. ही गोष्ट मात्र एकाच घरासाठी होती. भिंतीपलीकडच्या हाजिया आसाबेनं लहानाची मोठी केलेली पोर कापडवाल्या अल्हाजीची तिसरी बायको होणार होती. पोरीचं मन शाळेतल्या मास्तरावर. शुक्रवारी अल्हाजीकडून गोरोच्या फळांची टोपली यायची होती. ती फळं घेऊन वाटली की सोयरीक पक्की.

हाजियाला समजावण्याची कुणाची छाती नव्हती. पण तिला गोष्टींचं भारी वेड. रोज दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडत ती कुलूकडून तबावाची वही वाचून घेई. तबावा त्या बैठकीला जात नसे. ती भिंतीच्या अलीकडे पाठ टेकून ऐके.

"मग म्हातारा चांगला करते," तबावाचे डोळे लकाकले. "गोड बोलणारा, उंची कापड पाठवणारा. त्याला दिलेल्या पोरीची, लादीची, त्याच्याबद्दल तक्रारच नाही. फक्त बाजरी कांडताना ती गायची, ते गाणं थांबतं."

"अगं बाई! आणि हे कुणाच्या लक्षात येतं?"

"तिच्या आजीच्या. आजी एवढंच विचारते, 'पोरी, आज घर एवढं गप्प का?' तिथंच वाचन थांबव."

"मला झोडपतील गं बायका!"

"झोडपू देत. उद्या त्याच आधी येऊन बसतील."

नवी पानं लिहून होतात तोच ती पोर दारात आली. "हाजियानं वही मागितलीय."

तबावानं मानही वर केली नाही. वही तिनं कुलूच्या हातात दिली, कुलूनं पोरीच्या.

झालं तसंच. गुरुवारी दुपार व्हायच्या आधीच हाजियाचं अंगण भरलं. तबावा पहाटेपासून लिहीत होती. चुलीवरचं जेवण करपलं, बोटं शाईनं निळी झाली. कुलूनं वही अक्षरशः ओढून नेली.

भिंतीपलीकडून कुलूचा आवाज येऊ लागला. गोष्टीतल्या आजीच्या पुढ्यात गोरोची टोपली आली. सगळं गाव जमलं. लादी मुसळ धरून गप्प उभी राहिली. आजीनं टोपलीकडे हात नेला...

कुलू थांबली.

"पुढं?" हाजिया गरजली.

"पुढं पान कोरं आहे, हाजिया."

"कोरं? डोकं फिरलंय का त्या बाईचं?"

"ती म्हणते, आजीनं काय केलं ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं लिहीन."

शेंगा फोडण्याचा आवाज बंद पडला. तबावानं कान भिंतीला लावला.

"काय करणार?" हाजियाचा आवाज चिरकला. "टोपली आल्या पावली परत पाठवणार! पोरीचं गाणं गेल्यावर घरात राहिलं काय? आणि ए, बसलात काय अशा? अल्हाजीला आजच निरोप धाडा, तसदी घेऊ नका म्हणावं. मास्तराच्या घरच्या मोठ्यांना बोलावून आणा!"

बायकांनी आनंदानं एकच किलकारी मारली. तबावानं शाईचे हात तोंडावर दाबले. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

काठी टेकत हाजिया भिंतीपाशी आली.

"ऐकलंस ना, सूनबाई?" ती म्हणाली. "आपल्यात पहिल्या लेकराविषयी आईनं तोंड उघडायचं नसतं, हे खरं. पण म्हणून पोटच्या पोरीसाठी चार चार वह्या भरायच्या?"