संदर्भयादीतले कोकरेभाऊ

“सर, मी नुसती नावं भरली. मांडणी सगळी संदर्भयादी करून देणाऱ्या साइटनेच केली,” नूतन फोनवर म्हणाली. “आडनाव आधी, मग स्वल्पविराम, टिंबं, सगळं नियमाप्रमाणे. तुम्ही फक्त एकदा नजर घाला. सोमवारी निबंध पाठवायचाय.”

डुंबरे सरांनी नारायणगावच्या घरात, चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल नाकाशी धरला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी विद्यार्थ्यांच्या निबंधात आधी स्वतःचं नाव शोधायची खोड गेली नव्हती. संदर्भयादीत ते सापडलं. ‘डुंबरे, चां. सो.’ चोरून लाडू खाताना पकडल्यासारखे सर ओशाळले आणि बोटाने यादी वर सरकवली.

‘कोकरे, कै. जा., निरगुडसर. मुलाखत.’

बोट तिथेच थांबलं. कोकरेभाऊ गेले.

मेंढपाळांच्या बोलीवरचं सरांचं एकुलतं एक पुस्तक या माणसाच्या तोंडून आलं होतं. पुस्तकात मात्र ‘एका जाणत्या मेंढपाळाने सांगितले’ एवढंच छापलं गेलं. ‘छापून झालं की वाचून दाखवायला येतो, भाऊ,’ असं सर म्हणाले होते. गेले नाहीत. आधी संकोच आडवा आला, मग इतके दिवस गेलो नाही याचाच संकोच.

सरांनी घेतलेल्या मुलाखतीचा संदर्भ देण्यासाठी नूतनने भाऊंचं पूर्ण नाव विचारलं, तेव्हाही सर म्हणाले होते, “निरगुडसरचे कोकरेभाऊ. बाकी त्यांच्या घरी फोन करून विचार.” त्या फोनवरच तिला कळलं असणार. सरांना ठाऊक असेलच, असं धरून ती बोलली नसेल. ‘जा.’ म्हणजे जानकू की आणखी काही, हेही सरांना सांगता आलं नसतं. आता तिला विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी पांढरी टोपी घालून, पुस्तक पिशवीत टाकून सर जीपमध्ये बसले.

“काय सर, कुणाचं लगीन?” शेजारच्याने विचारलं.

“नाही. भेटायला चाललोय.”

त्या माणसाने अंग चोरून सरांना जागा करून दिली.

निरगुडसरला कोकऱ्यांच्या ओट्यावर भाऊंची आई, प्रयागबाई, लसूण सोलत बसली होती. तिला धडधाकट बघून सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“उशिरा कळलं, आई.”

“आलात ह्येच लई झालं. बसा.”

“कसं झालं?”

“इहिरीच्या काठावर पाय निसाटला. डाक्टर म्हणला, आता उठायचं न्हाई.” म्हातारीने आणखी एक पाकळी सोलली. “समदं गाव यिऊन गेलं. तुमी कोन म्हणायचं, पावणं?”

“डुंबरे. नारायणगावचा. पुस्तक लिहिलं होतं...”

“पुस्तकवालं सर व्हय तुमी? लई वाट बघितली त्यानं. म्हणायचा, सर येत्याल, वाचून दावत्याल. मी म्हणायची, मोठा माणूस, इसारला आसंल.”

“विसरलो नव्हतो.” त्यांनी पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. “यातलं सगळं त्यांचंच आहे, आई. नाव तेवढं नाही. आता घालून तरी काय उपयोग?”

“उपेग का न्हाई? घाला की.” तिने हात पदराला पुसले आणि पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. “काय म्हणून घालणार?”

“कोकरेभाऊ.”

“भाऊ तर त्याला वाटंनं जाणारं बी म्हणतंय,” म्हातारी हसली. “आईबापानं ठिवल्यालं नाव हाय की चांगलं.”

सरांनी मान खाली घातली. दुःखाच्या घरातलं ते हसू त्यांना सोसवेना. पुस्तक तिथेच ठेवून निमूट उठावं, असं त्यांच्या मनात आलं.

प्रयागबाईने मान वळवली आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, “ए कैलास, उठू नगंस, पडूनच ऱ्हा. तुझं पुस्तकवालं सर आल्यात.”