उरलेली

"हुओंग कसं वाटतं?" किएननं तान्ह्या लेकीकडे बघत बायकोला विचारलं. "सुगंध."

"उदबत्तीलाही हुओंगच म्हणतात," थुआ म्हणाली. "शाळेत पोरं हिच्यापुढे हात जोडून उभी राहतील."

"बरं, दाओ? पीचचा मोहोर."

"दाओ म्हणजे खणणंसुद्धा. 'दाओ, खड्डा खण गं!' माझ्या वर्गात होती एक. रोज रडायची."

"मग कुक. शेवंती."

"सदऱ्याची गुंडीही कुकच."

"धन्य आहे! अगं, तुझ्या चाळणीत एक तरी नाव उरणार का?"

'उरणार' म्हटलं आणि किएनलाच चुकल्यासारखं झालं. 

थुआ म्हणजे उरलेली, जास्तीची. गुरुजींनी वर्गात जोड्या लावल्या आणि पोरं विषम निघाली, की सगळा वर्ग ओरडायचा, "थुआ उरली!" जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी डबा पुढे करायचं, "घे, शिळं आहे, तुझंच." पोरांचं एक सोसता आलं असतं. पण दिवेलागणीला तिची आईच तळ्याकाठी उभी राहायची आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारायची, "ए उरलेले! चल घरी. कुणाला हवीयस तू!"

आणि त्या आईला आई म्हणायचं नाही. काकू म्हणायचं. का, ते कुणी कधी सांगितलं नाही. एकदा थुआ तापानं फणफणली होती, तेव्हा तोंडून 'आई गं' निघून गेलं. तसल्या तापातही काकूनं तिला थोबाडीत दिली होती. "मी तुझी कुणी नाही! कळलं? कुणी नाही!"

आत्ता काकू पडवीत मागावर बसून लव्हाळ्याची चटई विणत होती. सकाळी तिनं महिन्याच्या नातीला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "ई, माकडतोंडी." किएनच्या आईनं पाठवलेलं रेशमी दुपटं तिनं बाजूला टाकलं आणि स्वतःचा ठिगळं लावलेला सदरा पोरीभोवती गुंडाळला. किएन शहरातला, त्याचा चेहरा पडला. थुआला सवय होती.

पोर झोपेतच हसली. तिच्याकडे बघता बघता थुआनं ठरवून टाकलं.

"हुओंगच ठेवू. उदबत्ती तर उदबत्ती. देवापुढे तरी लावतात."

मागावरचा हात थांबला. "ते नको."

"मग दाओ?"

"नको."

"कुक?"

"तेही नको." काकूनं मान वर केली नाही. "नावाचं एवढं काय घेऊन बसलात? खापरी म्हणा, केरसुणी म्हणा. पोरं हसतील तर हसू देत. हसण्यानं कुणी मरत नाही."

थुआ ताडकन उठली. "माझं नासवलंस तेवढं पुरे नाही झालं? माझ्या लेकीला एक चांगलं नाव मिळतंय, तेही बघवत नाही ना तुला, काकू?"

काकूनं लव्हाळ्याची पुढची काडी उचलली. ती तिला नीट ओवता येईना.

"दुपारची बस चुकेल तुमची," ती म्हणाली.

निघताना थुआनं मागे वळून पाहिलं नाही. बांधावरून जाताना पाठीमागून हाक आली. तीच, गावभर ऐकू जाणारी. "न्या, न्या ती माकडतोंडी! इथं कुणालाही नकोय!"

बसमध्ये थुआ पोरीच्या टाळूवर हनुवटी टेकवून रडत राहिली. शहरात आल्यावर तिनं लेकीला हट्टानं हुओंग म्हणायला सुरुवात केली. कचेरीत नोंदवायचं तेवढं राहिलं होतं. फोन तिनंही केला नाही आणि काकूनंही नाही.

भात कापणीला आला तेव्हा फोन वाजला तो तोआन मामाचा. काकू मागावर बसल्या बसल्याच गेली होती.

शेतांच्या मधोमध गावच्या थडग्यांचा उंचवटा होता. सुतकाचं पांढरं फडकं डोक्याला बांधून थुआ कडेला उभी होती. बायका तिच्याकडे बघत होत्या. तिला रडू येत नव्हतं, आणि येत नाही याची लाजही वाटत नव्हती.

"थोडं अलीकडे खणा रे," तोआन मामा फावडेवाल्यांना म्हणाला. "तिकडे तिच्या पोरी आहेत. त्यांच्या पायाशीच ठेवा, असं सांगून गेलीय."

"कुठल्या पोरी?" थुआनं विचारलं.

मामानं गवतात बुडालेल्या तीन बुटक्या ढिगांकडे बोट केलं. "तुझ्या आधीच्या. हुओंग, दाओ, कुक. एकीपेक्षा एक देखणी. नावं घेताना तुझ्या आईचं तोंड कसं गोड व्हायचं! एकीलाही रांगायला मिळालं नाही बघ. गोड हाक ऐकली की भुतं पोर उचलून नेतात, म्हणायची मग." त्यानं नाक पुसलं. "मग तू झालीस. तूच तेवढी उरलीस."

किएनच्या खांद्यावर पोर जागी झाली आणि बोळकं पसरून हसली. मामानं तिच्या गालाला बोट लावलं. "कशी गोड आहे गं! नाव काय ठेवलंत?"

किएननं तोंड उघडलं. थुआनं त्याच्या तोंडावर हात दाबला, लेकीला त्याच्याकडून ओढून घेतलं आणि पलीकडच्या शेतांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "चल गं माकडतोंडे, कुणाला हवीयस तू! ये, काकूकडे ये."