राखणीची बाई

पडद्यावरची बाई मोहाखाली फुले वेचायला वाकली, तसा गिरजाने बटनावरचा हात झटकन उचलून घेतला. बाई वाकलेलीच राहिली.

ती बाई म्हणजे गिरजाच होती. चालणे तिचे, पदर खोचण्याची रीत तिची, वाकताना डावा हात गुडघ्यावर टेकण्याची सवयही तिचीच. मागच्या हंगामात चंद्रपूरच्या नूतनने हे सारे चित्रित करून नेले होते. आज ती धानोऱ्याची बस धरून पुन्हा आली होती आणि अंगणातल्या खाटेवर लॅपटॉप ठेवून आपण बनवत असलेला संगणकावरचा खेळ दाखवत होती. खेळ अजून अर्धाच झाला होता. तरी सातशे बारा लोकांनी त्यासाठी आधीच पैसे भरले होते, आणि पाच वाजता तो अर्धा खेळ त्यांना खुला करायचा होता. त्याआधी मोह वेचणारी बाई स्वतः खेळून पाहील आणि होकार देईल, असे नूतनने त्यांना लिहून दिले होते. साडेचार वाजून गेले होते.

"काऊन थांबल्या, गिरजाबाई? टोपली भरली की घरी जायचं. एवढंच आहे."

समोर गिरजाची स्वतःची पाठ होती. आयुष्यात तिने ती कधी पाहिली नव्हती. वाकलेल्या बाईची पाठ इतक्या खालून, इतक्या जवळून, झुडपाआडून कोण पाहतो, हे त्या गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होते.

"हिले मागून कोन पाहून राह्यलं?"

"कोणी नाही. जो खेळतो, तो. आत्ता तुम्हीच."

"मी नाई," गिरजा म्हणाली. "मी तं तिथी वाकून हाओ."

तिची थोरली जाऊ रंभा बाजूच्या चटईवर मोहफुले पसरत होती. तिने मान लांब करून पडदा पाहिला. "अन् मी कुठी हाओ?"

प्रश्न रास्त होता. गावातल्या चार बाया मोहाला जात. तिघी वेचत आणि चौथी त्यांच्याकडे पाठ करून, जंगलावर डोळे रोखून उभी राहत असे. ती एक फूलही वेचत नसे, तरी वाटणीत तिचा हिस्सा बरोबरीचा. वीस वर्षे ती चौथी बाई रंभा होती. झुडूप हलले की ती हात वर करी आणि त्याच्या डोळ्यांत पाहत राही. तो निघून गेला की हलक्या आवाजात एवढेच म्हणे, "सरला. वेचा." त्याचे नाव कोणीही घेत नसे.

"एकाच बाईपुरते पैसे जमले, रंभाबाई," नूतन म्हणाली. "लोकांनी टप्प्याटप्प्याने दिले. पहिला टप्पा बाई आणि झाड. दुसरा वाघ. सोबतिणींचा तिसरा. तो अजून भरायचा आहे."

वाघाचे नाव असे उघड घेतलेले ऐकताच दोघी जावांनी कुंपणापलीकडे पाहिले.

"त्याचे भरले?" रंभाने विचारले.

"दोन दिवसांत."

"पाह्य बरं. वीस वरस उभी राह्यलो, माह्यासाठी कोनाचा हात खिशात गेला नाई."

गिरजा हसली नाही. "सातशे बारा जन हिच्या मांगं उभे राहतीन?"

"आपापल्या घरी बसून. पण… हो."

"अन् राखनीले एक नाई."

उद्या पहाटे तिला खऱ्या झाडाखाली वाकायचे होते. ही पाठ पाहिल्यावर कंबर वाकेल की नाही, हेच तिला कळेना. मानेवर माशी बसली, तरी ती दचकली.

"मी हो म्हनत नाई, नूतन."

नूतनचा चेहरा उतरला. आज खेळ उघडला नाही तर लोक पैसे परत मागतील, मग तिसरा टप्पा कधीच येणार नाही, असे तिने सावकाश समजावले. गिरजाने ऐकून घेतले. मग तिने पडद्यावरच्या पाठीकडे बोट दाखवले.

"हेच बाई दोनदा ठेवता येते का? एक वाकलेली, एक उभी. पाठीले पाठ."

नूतनने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. "ठेवता येईल. पण ती चालणार नाही, वेचणार नाही. नुसती उभी राहील."

"मंग मले काय तू नाचताना पाह्यलं?" रंभा म्हणाली.

नूतनची बोटे चालू लागली. पाचाला दहा मिनिटे कमी असताना तिने लॅपटॉप गिरजाकडे वळवला.

वाकलेल्या बाईच्या पाठीला पाठ लावून दुसरी गिरजा उभी होती. तिचे तोंड इकडे होते. डोळे उघडे आणि स्थिर. पापणी हलत नव्हती. झुडपाआडून जो कोणी पाहत असेल, त्याच्यावर ती नजर नेमकी रोखलेली होती. आणि या क्षणी तिथे गिरजा होती.

तिने डावीकडे सरकून पाहिले. ते डोळे तिथेही तिच्यावरच होते. तिला पाठ फिरवण्याचे धैर्य झाले नाही. नजर न काढता ती एक पाऊल मागे गेली. मग आणखी एक. चटईच्या कडेला टाच लागली, तेव्हा कुठे तिची मान खाली गेली.

रंभा हे सारे पाहत होती. फुलांतला हात न काढता, नेहमीच्या हलक्या आवाजात ती म्हणाली,

"सरला. वेचा."