चढावरची कुरकुर

पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ लागला आणि जावई गप्प झाला. हे त्याने ठरवून केलं होतं. घरून निघतानाच शपथ घेतली होती की आज चढावर काहीही होवो, फाटो, तुटो, सोलवटो, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

हा त्याग केवढा मोठा होता, ते कळायला आधीचे रविवार माहीत हवेत.

जावई सोफे बनवायचा. माणसाने बूड टेकलं की त्याच्या तोंडून आपोआप हुश्श निघालं पाहिजे, यावर त्याचं पोट चाललं होतं. अशा माणसाला सासऱ्यांनी आपल्या जुन्या रेसिंग सायकलवर बसवलं. सीट म्हणजे उलथन्यावर ताणलेलं कातडं. पहिल्याच वळणावर त्याने व्यावसायिक मत दिलं की यात फोम नाही, स्प्रिंग नाही, आणि ही बनवणाऱ्याचं मानवजातीशी काहीतरी जुनं भांडण असावं. उत्तर आलं नाही. सासरे पुढे निघून गेले होते.

मग ती चड्डी. उशी सीटला लावायची सोडून चड्डीला लावलेली. म्हणजे सोफा उघडा ठेवायचा आणि पाहुण्यांनी आपापली गादी कमरेला बांधून यायचं, असला प्रकार. मग ते बूट. ते पेडलमध्ये खटकन अडकतात आणि सोडवायला टाच बाहेर फिरवावी लागते, हे तो सिग्नलला थांबल्यावर विसरला. अगदी सावकाश, एखादं कपाट कलंडावं तसा, तो आडवा झाला. शेजारच्या ट्रकवाल्याने इंजिन बंद करून पाहिलं. सायकलला स्टँड नव्हता, घंटी नव्हती, आरसा नव्हता. सासऱ्यांच्या मते ते सगळं फुकटचं वजन. वजनच नको होतं तर मला कशाला आणलंत, असंही जावई मागून ओरडला होता. त्यालाही उत्तर नाही.

सासरे निवृत्त दंतवैद्य. तोंड उघडलेल्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, ही आयुष्यभराची सवय. घरातही दवाखान्याचाच रुबाब. जेवताना शेजारच्याशी बोलायचं तर नुसतं बघणार नाहीत, अख्खी खुर्ची त्याच्याकडे वळवून बसणार. सायकलवर मात्र जावयाच्या वाट्याला एवढंही नाही. ते पुढे, हा मागे, आणि इतक्या रविवारांत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

हे जावयाला सीटपेक्षा जास्त टोचत होतं. बायकोला माहेरचं माणूस हे एकच, आणि त्या माणसाला आवड सायकलची एकच. त्यांनी आपल्याला घरचा म्हणावं, निदान एकदा वळून बघावं, म्हणून तर तो दर रविवारी या छळाला वेळेवर हजर असायचा. बायकोचं म्हणणं असं पडलं की बाबांना चिवट माणसं आवडतात, आणि हा तर निघाल्यापासून रडतो. म्हणून आजचं हे मौनव्रत. एवढं करूनही सासरे वळले नाहीत, तर सायकल परत करायची आणि पुढच्या रविवारपासून झोपायचं.

मांड्या पेटल्या. तो गप्प. दूध घालणारी बाई दोन्ही बाजूंना कॅन लटकवून साध्या सायकलवरून त्याला मागे टाकून गेली, आणि जाताना सावकाश चालवा दादा असं प्रेमाने सांगून गेली. तरी गप्प. तोंडात माशी गेली. त्याने ती गिळली. तक्रार करायला एवढं उत्तम साहित्य आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हतं.

पुढे डुलणारी सासऱ्यांची पाठ हळू झाली, मग थांबली. सासरे उतरले. त्यांनी सायकल उचलून स्वतःसकट अख्खी उलट्या दिशेला वळवली, आणि घाम गाळून कमावलेला चढ उतरत सुसाट खाली आले. चेहरा पांढराफटक. जावयाला थांबवून त्यांनी आधी नाडी धरली, मग डोळ्याची पापणी खाली ओढली, आणि मग, बहुधा सवयीने, तोंड उघडायला सांगितलं. माशी गेलेली होती.

"बाबा, मला काही झालेलं नाही," जावई म्हणाला. "मी मुद्दाम गप्प होतो. म्हटलं, कुरकुर थांबवली तर तुम्ही एकदा तरी वळून बघाल."

सासरे रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. समोर बघतच त्यांनी सांगितलं की लोकांच्या दाढांवर वाकून वाकून मानेने केव्हाच संप पुकारलाय. ती वळत नाही. हे लेकीला कळलं तर सायकल माळ्यावर जाईल, म्हणून घरात खुर्ची वळवायची. आणि दवाखान्यात ते एक शिकले होते. कण्हणाऱ्या पेशंटची काळजी नसते. आवाज बंद झाला की समजावं, घेरी आली. दर रविवारी मागून सीट, चड्डी, बूट असं सगळं नीट ऐकू यायचं आणि ते निर्धास्त पुढे बघून चालवायचे.

"आज चढाला लागलो, आणि मागे कोणीच नाही," ते म्हणाले.

जावयाने त्यांची सायकल उचलून पुन्हा चढाकडे वळवून दिली. सासरे बसले, पेडलमध्ये खटकन बूट अडकवला आणि नेहमीसारखे मागे न बघता निघाले.

"वारा समोरून आहे, जावईबापू," ते म्हणाले. "जरा मोठ्याने रडा."