वाक्यातली बस

"करा मॅडम, तुमची विद्यार्थिनी हजर करा," बाजेवर मांडी ठोकत मंजूचे वडील इंद्रभान म्हणाले, आणि मंजूनं वहिनीला पुढं केलं.

वाशीमला एका शिकवणीवर्गात इंग्रजी शिकवायला बाई हवी होती. मंजूला बोलावणं आलं होतं. राहायला मैत्रिणीची खोली तयार होती. अडलं होतं ते फक्त बापाच्या तोंडातल्या 'जा'वर. बापानं तो 'जा' अटीला बांधून ठेवला होता. "आधी घरच्या सुनेले शिकोव. तिनं तीन वाक्यं धड बोलून दाखोली, का तू वाशीमले. नाई तं आपलं मेडशी गाव हाय, सोयाबीन हाय अन् तू हायेस."

तेव्हापासून मंजूनं वहिनीचा पिच्छा सोडला नव्हता. वर्षाराणी भाकरी थापायला बसली की मंजू चुलीपाशी. ती कपडे वाळत घालू लागली की मंजू दोरीच्या पलीकडून. वर्षाराणी हुशार होती, पण प्रश्न फार विचारायची.

"लोखंड म्हंजे आयर्न?"

"हो."

"अन् इस्त्री म्हंजेबी आयर्न?"

"हो व, वहिनी."

"मंग लोखंडाची इस्त्री म्हंजे आयर्नचं आयर्न, म्हनू का?"

"एका शब्दाचा एकच अर्थ ध्यानात ठेव," मंजू कपाळावर हात मारून घ्यायची. "उगा डोकं फिरवू नोको."

एक शब्द, एक अर्थ, एक पाठ केलेलं वाक्य. मंजूची पद्धत अशी सरळसोट होती. आज त्याच पद्धतीची परीक्षा होती, शब्दही आधीच ठरवून दिलेले तीन.

परीक्षक होता हरीओम, म्हणजे मंजूचा भाऊ आणि विद्यार्थिनीचा नवरा. तो बी.ए. होता, तिसऱ्या खेपेला का होईना. दाराशी रंगूबाई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सुनेची परीक्षा म्हटल्यावर त्या स्वयंपाकघरात कशा थांबतील?

"पयला शब्द," हरीओम खाकरला. "मॉइश्चर."

हा शब्द या घरात शिकवावा लागत नव्हता. सोयाबीन बाजारात नेलं की व्यापारी मूठभर दाणे उचलायचा आणि दाण्यांत ओल आहे म्हणत हाच शब्द तोंडावर फेकून भाव पाडायचा.

"द सोयाबीन हॅज मॉइश्चर," वर्षाराणी म्हणाली.

"नाव काढू नोको त्याचं," इंद्रभान कळवळले. पण मान त्यांनी डोलावली.

"दुसरा. फॉल्ट."

"द फॉल्ट इज नॉट इन द मोटर. द फॉल्ट इज इन द मेकॅनिक."

विहिरीवरची मोटर कालच हरीओमनं स्वतःच्या हातानं जोडली होती आणि ती अजून पाणी उचलत नव्हती. रंगूबाईंना वाक्य कळलं नाही, लेकाचं उतरलेलं तोंड मात्र कळलं. त्या सूप खाली ठेवून हसल्या.

मंजूचा जीव भांड्यात पडला. तिसरा शब्द तर सगळ्यात सोपा. एक्स्पेक्ट, म्हणजे वाट पाहणे. त्याला तिनं एसटी जोडून दिली होती: आय ॲम एक्स्पेक्टिंग अ बस. मेडशीच्या फाट्यावर उभं राहणाऱ्या माणसाला याहून जवळचं वाक्य कुठलं? आज सकाळीसुद्धा वर्षाराणीनं ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

"तिसरा. एक्स्पेक्ट."

वर्षाराणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"आय ॲम एक्स्पेक्टिंग," ती म्हणाली, आणि थांबली.

मंजू वाट पाहत राहिली. बस काही आली नाही. तिनं नुसते ओठ हलवले: अ बस, अ बस. वर्षाराणी तिच्याकडे बघतच नव्हती.

"हं, पुढं?" हरीओम म्हणाला.

"आय ॲम एक्स्पेक्टिंग." या वेळी जरा मोठ्यानं, आणि थेट त्याच्याकडे बघून.

"मी वाट पाहून राह्यली. अवं पन कायची?" हरीओमला मोटरीचा बदला घ्यायची आयतीच संधी मिळाली. त्यानं टाळी वाजवली. "मंजे, तुही विद्यार्थिनी फेल! वाक्यातली बस कुठं गेली?"

इंद्रभान दुपट्टा खांद्यावर टाकून उठले. "वाशीमची बस सुटली, पोरी. उद्यापासून वावरात तण निंदायले चल."

मंजूच्या डोळ्यांसमोर वाशीमची ती खोली, फळा, खडू, समोर बसलेली पोरं सगळं पुसट होत गेलं. तिनं वर्षाराणीचा दंड धरला.

"काहून असं करून राह्यलीस व, वहिनी? सकाळी तं पाठ होतं तुले! वाक्य अपुरं राह्यलं. पुरं कर ना!"

वर्षाराणी सासऱ्यांकडे पाठ करून उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली, तरी हसू काही तिला आवरेना.

"काल मोबाइलात पायलं म्या. या शब्दाले दुसराबी अर्थ हाय," ती म्हणाली. "वाक्य पुरंच हाय, मंजूताई. बाकीचं पुरं व्हायले अजून सात महिने हायेत."