आपण

कारखान्यातले साहेब बावीस वर्षं त्याला ‘ए बापू’ म्हणूनच हाक मारत आले. आज त्यांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची पुढे केली.

“बसा बापूराव. आपण चहा घेणार ना?”

संध्याकाळी वारज्याला घरी पोचताच त्याने हे हेमाला सांगितलं.

“अगं, मला ‘आपण’ म्हणाले! कॉम्प्युटरवाल्या नव्या मशिनवर मलाच घेणार बहुतेक.”

“आणखी काय म्हणाले?”

“मुलगी कितवीला आहे, घर स्वतःचं आहे का, एवढंच. फार आपुलकीनं विचारत होते.”

हेमाने गॅस बंद केला.

“अहो, शेजारच्या दत्तप्रसाद भावोजींनाही तुमचे साहेब सोमवारपासून अहो-जाहो करत होते. आज भावोजींना वॉचमनने कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं.”