आमचा गेम

लहानपणी नांदेडच्या पार्लरमध्ये खेळलेला आवडता व्हिडिओ गेम कंपनीने नव्याने काढला, आणि नायकाचा चेहराच बदललेला पाहून आनंदराज बिथरला. चाहत्यांच्या ग्रुपवर काहींना नवा चेहरा आवडला होता. त्यांना गप्प करण्यासाठी त्याने फोन तोंडाशी धरून व्हॉइस मेसेज पाठवला, "नवख्यांनी हात लावून आमचा गेम बाटवला."

शेजारी डाळ निवडत बसलेल्या सरजाआजीचा हात थांबला. "काय केला म्हनलास?"

तो शब्द पुन्हा उच्चारण्याचं धैर्य त्याला होईना. ग्रुपवर मात्र त्याच्या मेसेजला अंगठ्यांवर अंगठे येत होते.

"आमी शिवलो की गावचा आड बाटायचा," आजी शांतपणे म्हणाली. "तुझ्या गेमला कोन शिवलं, बाबा?"